आधी आजोबा, मग थोरली

थांबाकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पाणीखात्याच्या नकाशा-कचेरीत ते इतकं रुळलं होतं की हजेरीपटावरचं त्यांचं खरं नाव वाचून नवा कारकून हमखास विचारायचा, "हे गृहस्थ कुठे बसतात हो? कधी दिसले नाहीत." आणि काका त्याच्या शेजारीच उभे असायचे.

नाव पडायचं कारण मात्र उघड होतं. काकांचं कुठलंही वाक्य 'थांबा'पासून सुरू व्हायचं. एकदा कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत काका धरून चौघंजण. दहा मिनिटांनी लाइट आली तसे तिघेही बटणांवर तुटून पडले. काका म्हणाले, "थांबा." आवाज असा की तिघांची बोटं हवेतच राहिली. दीड मिनिटाने लाइट पुन्हा गेली. अंधारात काकांचा शांत आवाज आला, "बघा. अजून तिचं मन स्थिर नाही." त्या चौघांपैकी एक म्हणजे कचेरीचे तेव्हाचे मोठे साहेब. पुढे ते बदलून दुसरीकडे गेले, तरी तिथेही हा किस्सा सांगत, आणि दर वेळी लिफ्ट एकेक मजला वर चढत असे.

तर काका सर्व्हरच्या खोलीचे राखणदार. जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली होती, पूर्वी तिथे फावडी आणि रंगाचे डबे ठेवत. तिला लोखंडी दार बसवलं, एसी लावला आणि आत जाळीच्या कपाटात चार सर्व्हर उभे केले. सर्व्हर म्हणजे पडदा नसलेला, दणकट कॉम्प्युटर. तो रात्रंदिवस जागा असतो आणि कचेरीतले बाकीचे कॉम्प्युटर हवं ते त्याच्याकडे मागायला येतात. गावाखाली पाण्याचे जेवढे म्हणून नळ पुरलेले होते, कुठला किती खोल, कुठे वळलाय, कुठे व्हॉल्व्ह, ते सगळं या चौघांच्या पोटात. भर चौकात नळ फुटून कारंजं उडायला लागलं की दुरुस्तीची माणसं कचेरीत विचारायची, कुठला व्हॉल्व्ह बंद करू? उत्तर या खोलीतून जायचं.

यंत्रांवर क्रमांक चिकटवलेले होते, पण काकांना क्रमांक सोसत नाहीत. सगळ्यात खालचं, जाडजूड, ज्यात सगळे नकाशे साठवलेले, तो आजोबा. त्याच्या वरची थोरली, कुठला नकाशा कुठल्या कप्प्यात आहे हे तिला पाठ. मग मधली, ती कचेरीतल्या पडद्यांवर नकाशे दाखवायची. आणि सगळ्यात वर धाकटी, दुरुस्तीवाल्यांच्या फोनवर नकाशे पाठवणारी. यंत्रं जुनी होत, बदलली जात, नावं मात्र गादी चालवल्यासारखी पुढे जात. आत्ताचा आजोबा म्हणजे खरं तर तिसरा.

काकांचा नियम एकच होता. लाइट जाऊन आली की या चौघांपैकी एकानेही आपणहून उठायचं नाही. लाइट आल्यावर अर्धा तास वाट बघायची. ती टिकतेय अशी खात्री पटली की हाताने उठवायचं, तेही क्रमाने. आधी आजोबा. त्याचा पंखा सुरुवातीला जोरात ओरडतो, मग दमतो. दमला की थोरली. तिचा हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मधली. धाकटी सगळ्यांच्या शेवटी.

"आणि समजा धाकटी आधी उठली तर?" कुणी विचारलंच तर काका खुर्ची पुढे ओढत. "ती उठते. आजोबांना हाक मारते, आजोबा गाढ झोपलेला. थोरलीला हाक मारते, ती घरातच नाही. मग बिचारी घाबरते, आणि घाबरली की ज्याला त्याला सांगत सुटते, नकाशाच नाही, नकाशाच नाही. ते ऐकून दुरुस्तीवाला भलताच व्हॉल्व्ह बंद करतो आणि इकडे दवाखान्याचं पाणी जातं."

हे काही पुस्तकातलं ज्ञान नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी ते अंगाशी आलं होतं. तेव्हा आजोबा आणि थोरली, दोनच यंत्रं होती. कारखान्यातून आली तशीच ठेवलेली: लाइट आली रे आली की आपोआप सुरू. एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि नऊ मिनिटांत लाइट पाच वेळा गेली नि आली. दर वेळी आजोबा उठायला लागायचा, गुडघ्यावर यायचा, की पुन्हा आडवा. पाचव्यांदा उठलाच नाही. गावाच्या पश्चिमेकडचे अर्धे नकाशे त्याच्याबरोबर गेले. वेगळी काढून ठेवलेली प्रत होती, पण चार महिन्यांपूर्वीची. मग कागदावरचे जुने नकाशे काढून एकेक रेघ पुन्हा ओढायची, असे अकरा दिवस काका घरी फक्त अंघोळीला जात होते.

त्या अकरा दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीचे टॉन्सिल काढले.

तारीख आधीच ठरलेली होती. काकांनी लेकीला सांगून ठेवलं होतं, "तू डोळे उघडशील ना, तेव्हा पहिला मी दिसणार." लेकीने डोळे उघडले तेव्हा तिच्यासमोर आई होती, नर्स होती, औषधाचं टेबल होतं. काका संध्याकाळी सहाला पोचले, बोटांना शाई, दाढी वाढलेली. लेकीला बोलायला बंदी होती म्हणून हातात पाटी दिली होती. तिने बापाकडे नीट पाहिलं आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तुम्ही कोण?'

सगळे पोट धरून हसले. काकाही हसले. पण ती पाटी त्यांनी पुसली नाही. पुष्कळ दिवस कपाटावर तशीच होती, पुढे अक्षरं आपोआप फिकट झाली. लेकीने मात्र ही गोष्ट शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, होणाऱ्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितली.

नकाशे पुरे झाल्यावर काकांनी यंत्राच्या पोटातली एक जागा शोधून काढली. यंत्र सुरू होताना एक ठरावीक बटण दाबून धरलं की निळा पडदा येतो. त्यात सतरा भानगडींच्या खाली एक ओळ असते: गेलेली वीज परत आल्यावर काय करायचं? आपोआप सुरू व्हायचं, आधी जसे होतो तसं व्हायचं, की बंदच राहायचं? काकांनी 'बंदच राहायचं' यावर बाण आणून ठेवला आणि तेव्हापासून तो हलू दिला नाही.

आता बंदच राहायचं म्हटलं म्हणजे उठवायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे काका. बावीस वर्षांत लाइट गेली आणि काका घरात बसून राहिले असं झालं नाही. जेवणावरून उठले, न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीने उठले. लेकीच्या लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला खुर्च्या मांडल्या आणि कचेरीच्या पहारेकऱ्याचा फोन आला. काका म्हणाले, "थांबा, आलोच," आणि जागा राखायला खुर्चीवर कोट ठेवून गेले. फोटोवाल्याला पुढचं लग्न होतं. त्या फोटोत नवरानवरी आहेत, व्याही आहेत, आणि पुढच्या रांगेत काकूंच्या शेजारी एक करडा कोट सन्मानाने बसलेला आहे. जावई घरी आलेल्यांना फोटो दाखवताना म्हणतो, "हे आमचे सासरे. उजवीकडून तिसरे."

काकू घरी शिवणकाम करत. त्यांचं मशीन पायाने चालवायचं. "माझं बरं आहे," त्या म्हणत, "लाइट जावो नाहीतर राहो. पायात जोर आहे तोवर चालतं. आणि तुमच्या त्या सुनांचं बघा. त्यांना अंथरुणातून उठवायला सासरा जातो. एकीने कधी कपभर चहा विचारला का तुम्हाला?"

"आजोबा सून नाही," काका म्हणत.

"तो आणखी वेगळाच. म्हातारा पंख्यासारखा ओरडतो आणि लगेच दमतो. घरातही एक आहे तसा."

टोमणा काकांना लागत नसे, कारण तो खरा होता. पण काकूंचं बोलणं ऐकताना एक गोष्ट त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती. बावीस वर्षं जेवताना, झोपताना, बसची वाट बघताना त्यांनी जे जे सांगितलं, ते काकूंनी शिवणावर मान खाली घालून सगळं ऐकलं होतं.

असं सगळं चाललेलं असताना एका रविवारी लेकीचा फोन आला. ती दूरच्या गावी राहायची, रेल्वेने एक दिवसाची वाट. गळ्यात गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखी दिसत नाही, पण आवाजाच्या नसेला खेटून आहे, काढून टाकू. तारीखही मिळाली होती, तीन आठवड्यांनंतरचा बुधवार, सकाळी.

"बाबा, कापण्याची मला भीती नाही," ती म्हणाली. "नंतर जाग येते ना, तिची वाटते. पुन्हा गळाच आहे. या वेळी मला 'तुम्ही कोण' लिहायला लावू नका."

काकूंचा पाय मशीनवर थांबला.

"येतो," काका म्हणाले. 'थांब' म्हणाले नाहीत. काकूंनी ते टिपलं.

दुसऱ्या दिवशी काका रजेचा अर्ज घेऊन नव्या मॅडमच्या समोर उभे. मॅडमना कचेरीत येऊन सहा महिने झाले होते. चालणं झपझप, बोलणं थोडक्यात, मनाने सरळ. अर्ज वाचून त्यांनी वर पाहिलं. "काका, तुमची रजा इतकी साठलीय की तुम्ही आत्ता निघालात तर थेट रिटायर होऊनच परत याल. जा की."

"जातो. पण मधे लाइट गेली तर?"

"म्हणून तर मी केव्हाची म्हणतेय, आपोआपवर टाका. सगळ्या जगात यंत्रं आपापली उठतात. तुम्ही चार महिन्यांनी रिटायर. मग काय रोज घरून येणार आहात बटणं दाबायला?"

"थांबा मॅडम, ते नऊ मिनिटांत पाच वेळा—"

"ती गोष्ट मला माहीत आहे," मॅडम मऊपणे म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात तिघांनी सांगितली. मी तुमचं ऐकून घेतेय, काका. पण तुम्ही नसताना इथे दुसरं कोण आहे, तेवढं सांगा. कुणी नसेल तर आपोआप."

काका अर्ज टेबलावर ठेवून बाहेर आले. दुपारी कचेरी जेवायला गेली असताना ते खोलीत गेले, आजोबाला नीट झोपवला, पुन्हा उठवला, आणि निळा पडदा आणला. ती ओळ काढली. बाण 'बंदच राहायचं'वरून हलवला आणि 'आपोआप'वर नेऊन ठेवला. आता एक बटण दाबलं की झालं. एका पारड्यात आजोबा होता, दुसऱ्यात लेक. पारडं कुठे झुकतं यात शंका नव्हती, तरी बोट खाली जाईना.

"झालं का काका? फरशी पुसायचीय."

दारात सफाईवाल्या मावशी उभ्या. काका आणि मावशी एकाच वयाचे. ते त्यांना मावशी म्हणायचे, त्या त्यांना काका. या नात्याचा धागा कुणी कधी उलगडून पाहिला नाही. मावशी सकाळी सातला येत, दोनला जात, आणि कचेरीच्या मागच्याच गल्लीत राहत. ही खोली दिवसातून दोनदा पुसायचा त्यांचा शिरस्ता होता, कारण काकांना धूळ चालत नसे.

"आज आजोबा जरा खाकरतोय," मावशी पोछा पिळता पिळता म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"पंखा हो त्याचा. सकाळपासून ऐकतेय. ओरडतो, दमतो, मग मधेच घसा साफ केल्यासारखं करतो. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

काकांनी कान लावला. खरंच, पंख्याच्या पात्याला कुठेतरी काहीतरी घासत होतं. झाकण काढून पाहिलं तर आत प्लॅस्टिकचा एवढासा तुकडा निघाला.

"मावशी, तुम्हाला यांचे आवाज ओळखू येतात?"

"अकरा वर्षं पुसतेय की यांच्या पायाखाली. थोरली गुणगुणते, मधली गप्प असते, धाकटीचं अखंड टिकटिक. का बरं?"

काकांनी बाण पुन्हा 'बंदच राहायचं'वर आणला आणि मग ते बटण दाबलं.

मॅडमना ऐकून हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. "मावशी सर्व्हर सुरू करणार?"

"मॅडम, बटण काय, कुणीही दाबेल. न दाबता अर्धा तास बसून राहणारं माणूस या कचेरीत दुसरं दाखवा."

मॅडमनी विचार केला. सकाळपासून लिफ्टचं बटण आपण स्वतः किती वेळा दाबलं ते त्यांना आठवलं असावं. "ठीक आहे. पण कागदावर लिहून द्या. आणि मी तिथे हजर राहणार."

काकांनी लिहिलं. अक्षर बोटाएवढं मोठं, दारामागे चिकटवलं. 'लाइट आली तरी अर्धा तास काहीही करू नये. चहा घ्यावा. आजोबाला उठवावे. तो ओरडेल, घाबरू नये. दमला की थोरली...' असं दीड पान. मावशींना वाचता येत होतं, पण त्यांनी एकदाच वाचलं आणि म्हणाल्या, "हे मॅडमसाठी असू दे. मला कानांनी कळतं." तीन आठवड्यांत काकांनी त्यांच्याकडून सात वेळा सगळं झोपवून उठवून घेतलं. सातव्या वेळी मावशी अर्ध्या तासाऐवजी पस्तीस मिनिटं बसल्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "चहा गरम होता."

निघायच्या आदल्या दिवशी काकांना आठवलं, बॅटऱ्या. प्रत्येक यंत्राच्या पोटात एक नाण्याएवढी गोल बॅटरी असते. वीज नसताना यंत्राला स्वतःच्या सवयी तिच्यामुळे लक्षात राहतात: आज तारीख काय, आणि लाइट आली की उठायचं की पडून राहायचं. ती मेली की यंत्र सगळं विसरतं आणि कारखान्यातून आलं होतं तसं वागायला लागतं. सहा-सात वर्षं झाली होती. काकांनी चार नव्या आणल्या. आजोबाची बदलली, थोरलीची बदलली, मधलीची बदलली. चौथी हातात घेतली आणि फोन वाजला.

"बाबा, निघताय ना उद्या? नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की. आज रात्री कोटाला इस्त्री करणार आहे तुझी आई."

"कोट नको. तुम्ही या."

काका हसत हसत बोलत राहिले, बोलता बोलता खोलीबाहेर आले, बोलता बोलता दाराला कुलूप लावलं. बावीस वर्षांत ज्या माणसाने दिवा लुकलुकायचा थांबल्याशिवाय पाऊल उचललं नाही, तो त्या दिवशी जरासा घाईत होता. बॅटरी अंगातल्या कोटाच्या खिशात गेली. आणि दुसऱ्या दिवशी तोच कोट, इस्त्री मारून, रेल्वेत बसला.

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर लांब बाकावर तिघं बसले होते, काका, काकू आणि जावई. समोर पांढरं दार. दाराला गोल काच, पण इतकी उंचावर की उंच माणसालाही टाचा उचलायला लागाव्यात. जावई दर पाच मिनिटांनी टाचा उचलून येत होता.

"अहो, बसा जरा," काकू म्हणाल्या. "तुमच्या बघण्याने डॉक्टरांचा हात हलायचा."

साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती. नसेला धक्का लागला नव्हता. आवाज थोडे दिवस बसका राहील, मग येईल. दोन दिवस बोलायचं मात्र नाही. जावई पहिल्यांदाच टाचा टेकवून बाकावर बसला. काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

थोड्या वेळाने नर्सने दार उघडलं. "शुद्धीवर येतायत. एकाच जणाने आत या, आणि लगेच या."

जावई उठला आणि बाजूला झाला. "बाबा, तुम्ही. तिने सांगून ठेवलंय."

काका उठले आणि त्याच क्षणी कोटाच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी हात घातला. फोनबरोबर एक गोल, गार, नाण्याएवढी वस्तू हातात आली. फोनवर कचेरीचा नंबर. हातात धाकटीची बॅटरी.

काकांना एका दमात सगळं कळलं. लाइट गेलीय. यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर पाव तास धीर देणारी ती पेटी, रिकामी झाली असणार. लाइट परत आली असणार, म्हणून तर फोन. आणि बॅटरी मेली असेल तर धाकटी सगळं विसरून एकटीच उठली असणार, आजोबाला हाका मारत, ज्याला त्याला नकाशा नाही म्हणून सांगत. कागदावर यातलं अक्षर नव्हतं. चूक मावशींची नव्हती, मॅडमची नव्हती. ज्याने कागद लिहिला त्याची होती.

"येताय ना?" नर्स म्हणाली. तिने दार पायाने धरून ठेवलं होतं.

काका दाराकडे पाहत होते, फोनकडे पाहत होते. तोंडातून सवयीने "थांबा" येणार इतक्यात काकूंनी हात पुढे केला.

"द्या इकडे."

"अगं, ऐक. धाकटीची बॅटरी माझ्या—"

"मला दिसतेय. जा तुम्ही."

"पण आजोबा आधी, आणि त्याचा पंखा—"

"ओरडतो, मग दमतो," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षं माझ्या कानाशी ओरडतोय तो. जा."

आणि काका गेले. वाक्य अर्धं, बॅटरी मुठीत, तसेच आत गेले.

आत हिरवट उजेड होता. लेकीच्या गळ्याला पांढरी पट्टी, चेहरा झोपेत असतो तसा लहान झालेला. काका पलंगाच्या कडेला स्टुलावर बसले. तिच्या पापण्या हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या. काकांनी घाई केली नाही. या कामात ते मुरलेले होते. तिने छताकडे पाहिलं, सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं, मग नजर हळूहळू खाली येत करड्या कोटावर थांबली. तिथून वर सरकली. कोटाच्या वर डोकं होतं.

तिने मान उचलायचा प्रयत्न केला.

"पडून राहा," काका म्हणाले. "इतक्यात नाही उठायचं. अंगात सगळं जागच्या जागी येऊ दे आधी."

नर्सने तिच्या पोटावर एक वही ठेवली आणि बोटांत पेन दिलं. "बोलायचं नाही हं. काय हवं ते लिहा."

लेकीने पेन धरलं. वाकडी, उतरत जाणारी अक्षरं. 'लाइट?'

काका खोटं बोलत नसत. "गेली," ते म्हणाले. "आत्ताच फोन आला होता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते उठले नाहीत. स्टूल उलट थोडं पुढे ओढलं. तिने लिहिलं, 'मग?'

"तुझी आई बघतेय."

लेकीचे डोळे मोठे झाले. दार नीट लागलं नव्हतं. फटीतून बाहेरचं बोलणं आत येत होतं, अगदी स्वच्छ.

"मावशी, धाकटी एकटीच उठली होती ना? ... काय, तुम्ही तिची वायरच काढून ठेवलीत? छान केलंत. झोपू दे तिला... हो, मॅडमना म्हणावं तिच्यावाचून दोन दिवस काही अडत नाही, फोनवर तोंडानं सांगा व्हॉल्व्ह कुठला ते... पुन्हा गेली लाइट? मग घड्याळ पहिल्यापासून लावा. अर्धा तास म्हणजे अर्धा तास... मॅडम तिथेच आहेत? द्या त्यांना. हॅलो, मॅडम, थांबा."

त्या शेवटच्या शब्दाला काकांनी चमकून दाराकडे पाहिलं. तोच शब्द, तोच सूर, आवाज तेवढा वेगळा.

लेक हसली. गळ्याला ताण बसला तसं तिने तोंड वाकडं केलं, तरी डोळ्यांनी हसत राहिली. मग तिने त्यांची मिटलेली मूठ ओढली आणि बोटं उघडली. तळहातावर ती गोल बॅटरी. तिने भुवया उंचावल्या.

"माझी चूक," काका म्हणाले. "तुझा फोन आला आणि बसवायची राहिली. पहिलीच आहे बावीस वर्षांत." आणि स्वतःच नवल वाटल्यासारखे म्हणाले, "मला वाटलं होतं, असं काही झालं तर मला जास्त वाईट वाटेल."

तिने त्यांची बोटं पुन्हा मिटली आणि ती मूठ आपल्या हाताखाली ठेवून घेतली. बराच वेळ तशीच पडून राहिली. डोळे मिटले, वाटलं झोपली. पण तिने पुन्हा पेन शोधलं आणि या वेळी सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं.

'तुम्ही कोण?'

काकांनी वाचलं. त्यांनी तिच्या बोटांतून पेन घेतलं. चष्मा घातला, काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिच्या ओळीखाली, दारामागच्या कागदावर लिहितात त्या बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं, 'बाबा.' आणि थोडं थांबून त्यापुढे, 'सहाला यायचे ते आज वेळेवर.'

बाहेर काकूंचा आवाज सारखा चालूच होता. आजोबा उठला होता म्हणे, ओरडत होता. दमायची वाट बघणं चाललं होतं. बऱ्याच वेळाने दाराच्या गोल काचेत जावयाचं कपाळ उगवलं, मग डोळे, मग वर धरलेला फोन. नर्सने हाताने 'खाली उतर' अशी खूण केली, पण तोवर त्याने फोटो काढून घेतला होता.

तो फोटो आता लग्नाच्या फोटोशेजारी लावलाय. जरा हललेला आहे, काचेचा गोल कडेला आलाय, लेकीचा अर्धा चेहरा उशीत गेलाय. पण घरी आलेल्यांना दाखवताना जावई त्या करड्या कोटावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "नीट बघा. या वेळी आत माणूस आहे."